ऊर्जा प्रमाणपत्रे, सामायिक निवासी इमारतींवरील सौर संचांची

ऊर्जा प्रमाणपत्रे, सामायिक निवासी इमारतींवरील सौर संचांची : अनेक कुटुंबांच्या समाईक मालकीच्या वा वापराच्या इमारतीवर बसविलेल्या सौर विद्युत् संचाची सुरक्षितता, त्याने निर्माण केलेल्या विजेचे परिमाण व उगम, तसेच त्या इमारतीची ऊर्जाविषयक कार्यक्षमता यांविषयी सक्षम अधिकाऱ्याने किंवा यंत्रणेने दिलेल्या लेखी दाखल्यांना सामान्यपणे ऊर्जा प्रमाणपत्रे म्हणतात. ही संज्ञा एकवचनात वापरली जात असली, तरी प्रत्यक्षात तीत निरनिराळ्या हेतूंची व निरनिराळ्या कायद्यांखालील अनेक प्रमाणपत्रे मोडतात. एक प्रमाणपत्र संच धोकारहित आहे असे सांगते, दुसरे मीटर अचूक आहे असे सांगते, तिसरे वीज नवीकरणीय (पुन:पुन्हा उपलब्ध होणाऱ्या) स्रोतापासून निर्माण झाली असे सांगते, तर चौथे इमारत किती ऊर्जा वापरते, हे सांगते. या चौघांचे कार्य लक्षात न घेता ती एकच मानली गेल्यास सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या व्यवहारात गोंधळ होतो. नसलेल्या उत्पन्नाची अपेक्षा धरली जाते आणि आवश्यक असलेल्या सुरक्षा-तपासणीकडे दुर्लक्ष होते. प्रस्तुत नोंदीत महाराष्ट्रातील स्थितीचा मुख्यत्वे विचार केला असून लहान नगरातील परिस्थिती स्पष्ट व्हावी म्हणून वर्धा जिल्ह्यातील आष्टी या तालुक्याच्या ठिकाणाचा आधार घेतला आहे.

तांत्रिक पार्श्वभूमी : सौर विद्युत् संचात प्रकाशविद्युत् घटांच्या पट्ट्या (पॅनेल), परिवर्तक (इन्व्हर्टर), आधारसांगाडा, संरक्षक साधने, भूयोजन (विद्युत् मंडल जमिनीशी जोडण्याची व्यवस्था) व मीटर हे मुख्य भाग असतात. सिलिकॉनाच्या घटावर सूर्यप्रकाश पडला म्हणजे एकदिश (एकाच दिशेत वाहणारा) प्रवाह निर्माण होतो. परिवर्तक त्याचे प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशेत वाहणाऱ्या) प्रवाहात रूपांतर करतो व तो प्रवाह घरातील वा वितरण जालकातील प्रवाहाशी जुळवून घेतो. संचाची क्षमता किलोवॉटमध्ये व निर्माण झालेली वीज किलोवॉट तासांत म्हणजेच व्यवहारातील ‘युनिट’मध्ये मोजतात. १ किवॉ. क्षमतेच्या संचास सु. १० चौ. मी. सावलीविरहित छत लागते. महाराष्ट्रात असा संच सरासरीने दिवसाला सु. ४ युनिट व वर्षाला सु. १,४०० युनिट वीज देतो.

आष्टी हे वर्धा जिल्ह्याच्या वायव्य भागात, सु. २१° उत्तर अक्षांशावर आहे. ऑगस्ट १९४२ मधील लढ्यामुळे हे गाव महाराष्ट्रास परिचित आहे. कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने येथे मे महिन्याच्या अखेरीस व जुलैच्या मध्याच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य नेमका डोक्यावर येतो, तर हिवाळ्यात तो दक्षिणेकडे बराच कललेला असतो. यास्तव पट्ट्या दक्षिणाभिमुख व सु. २०° तिरप्या ठेवणे वर्षभराच्या उत्पादनाच्या दृष्टीने हितावह ठरते. विदर्भातील कडक उन्हाळा विजेच्या उत्पादनास सर्वाधिक अनुकूल असेल, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु तो पूर्णत: बरोबर नाही. पट्टीची अंकित क्षमता घटाचे तापमान २५° से. असताना मोजलेली असते. स्फटिकी सिलिकॉनाच्या बाबतीत तापमान त्यापुढे दर अंशाने वाढले असता क्षमता सु. ०·४ टक्क्याने घटते. हवेचे तापमान ४५° से. असता पट्टीचे तापमान सु. ६५° से. होऊ शकते व मग अंकित क्षमतेच्या सु. १६ टक्के एवढी तूट येते. आकाश स्वच्छ व हवा थंड असलेले फेब्रुवारी-मार्चचे दिवस म्हणूनच दर किलोवॉटामागे चांगले उत्पादन देतात. उन्हाळ्यात पट्ट्यांवर बसणारी धूळ पाण्याने नियमितपणे धुतली नाही, तर उत्पादन आणखी घटते.

सुरक्षिततेची प्रमाणपत्रे : सर्व प्रमाणपत्रांत यांचे महत्त्व पहिले होय. सूर्यप्रकाश असेतो पट्ट्यांतून विद्युत् दाब निर्माण होतच राहतो व तो कोणत्याही कळीने नाहीसा करता येत नाही. कळ केवळ पुढचा मार्ग तोडते. अनेक पट्ट्या एकसर जोडल्या असता एकदिश दाब काहीशे व्होल्ट होतो. सैल जोडातून निर्माण होणारी एकदिश प्रवाहाची ठिणगी प्रत्यावर्ती प्रवाहाच्या ठिणगीप्रमाणे आपोआप विझत नाही. तिच्यामुळे आग लागण्याचा संभव असतो. अनेक कुटुंबे एका छताखाली राहत असल्याने एका सैल जोडाचा धोका सर्वांना पोहोचतो.

भारतात याविषयीचे नियमन विद्युत् अधिनियम, २००३ खालील केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनी होते. २०१० चे विनियम जाऊन २०२३ साली नवे विनियम आले. शासनाने नेमलेला विद्युत् निरीक्षक संचाची तपासणी करतो. शासनाने अधिसूचनेद्वारा ठरविलेल्या मर्यादेपर्यंतच्या लहान संचांना स्वयंप्रमाणनाची (मालकाने परवानाधारक ठेकेदाराकडून तपासणी करवून स्वत: दाखला देण्याची) मुभा असते. स्वयंप्रमाणन म्हणजे तपासणीतून सूट नव्हे. त्यात तपासणीची जबाबदारी निरीक्षकाकडून मालकाकडे येते. सामायिक इमारतीत हा मालक म्हणजे संस्था व तिच्या वतीने सही करणारी कार्यकारी समिती होय.

उपकरणांसाठी भारतीय मानके ठरविलेली आहेत. पट्ट्यांसाठी आयएस १४२८६ आणि परिवर्तकांसाठी आयएस १६२२१ व आयएस १६१६९ ही मानके लागू आहेत. यांपैकी शेवटचे मानक विशेष महत्त्वाचे आहे. वितरण तारमार्गावरील वीज दुरुस्तीसाठी बंद केली असता छतावरील संच मात्र चालू राहिला, तर बंद समजल्या गेलेल्या तारेत वीज शिरते व तारेवर काम करणाऱ्या कामगाराच्या प्राणावर बेतते. या स्थितीस ‘बेटीभवन’ (जालकापासून तुटलेल्या भागास संचाने वीज पुरवीत राहणे) म्हणता येईल. जालकातील वीज जाताच परिवर्तक तत्काळ बंद पडतो की नाही, याची कसोटी या मानकात आहे. वीज गेली असता भर दुपारीही सौर संच चालत नाही, अशी तक्रार रहिवासी पुष्कळदा करतात. विद्युत् संचायकाची (बॅटरीची) जोड नसलेल्या जालकसंलग्न संचाचा तो दोष नसून त्याचे सुरक्षाकार्य होय.

आधारसांगाडा वाऱ्याचा भार सोसेल, असा स्थापत्य अभियंत्याचा दाखलाही आवश्यक मानतात. आयएस ८७५ (भाग ३) या मानकात नागपूरसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदास ४४ मी., म्हणजे ताशी सु. १५८ किमी. धरला आहे. वळवाच्या वादळांत तिरप्या पट्ट्यांवर वाऱ्याचा उचलणारा जोर येतो. जुन्या छतास भोके पाडून सांगाडा बसविल्यास पावसाळ्यात गळती होऊन वरच्या मजल्यावरील कुटुंबास त्रास होतो. यास्तव पुष्कळ ठिकाणी सांगाडा काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या वजनाने स्थिर करतात. मात्र अशा वेळी त्या ठोकळ्यांचा भार छतास पेलतो की नाही, हे आधी तपासावे लागते.

मापन व जोडणी : जालकास जोडलेल्या संचासाठी येणारी व जाणारी अशी दोन्ही वीज मोजणारा द्विदिश मीटर बसवितात. वितरण कंपनीच्या चाचणीशाळेने मीटरची अचूकता प्रमाणित केल्यावर तो बसविला जातो. आष्टीसह वर्धा जिल्ह्यात वितरणाचे काम महाराष्ट्र राज्य विद्युत् वितरण कंपनी (महावितरण) करते. २००५ साली महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाच्या विभाजनातून ती अस्तित्वात आली.

ग्राहकाने जालकातून घेतलेल्या विजेतून त्याने जालकास दिलेली वीज वजा करून उरलेल्या युनिटांचेच देयक आकारणे, या पद्धतीस निव्वळ मापन (नेट मीटरिंग) म्हणतात. महाराष्ट्र विद्युत् नियामक आयोगाने २०१५ साली यासंबंधी विनियम केले व २०१९ च्या अखेरीस त्यांच्या जागी अधिक व्यापक विनियम आणले. या पद्धतीत महिन्याअखेर शिल्लक राहिलेली युनिटे पुढील महिन्यात ओढली जातात. संचाची क्षमता ग्राहकाच्या मंजूर भाराशी निगडित असते, तसेच परिसरातील रोहित्राच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) क्षमतेच्या ठराविक टक्केवारीपर्यंतच असे संच जोडता येतात. विद्युत् (ग्राहकांचे हक्क) नियम, २०२० मध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या सुधारणेने १० किवॉ. पर्यंतच्या संचांचे अर्ज तांत्रिक व्यवहार्यतेच्या अभ्यासाविना स्वीकृत समजावेत, असे ठरले. त्याहून मोठ्या संचांसाठी अभ्यासाची मुदत २० दिवसांवरून १५ दिवसांवर आणली गेली.

नवीकरणीय ऊर्जा प्रमाणपत्र : ‘प्रमाणपत्रावर पैसे मिळतात’ असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा हे प्रमाणपत्र अभिप्रेत असते. त्यामागील कल्पना पुढीलप्रमाणे आहे. सौर संचातून दोन वस्तू निर्माण होतात, असे मानतात : एक, प्रत्यक्ष वीज व दुसरी, ती वीज प्रदूषणविरहित स्रोतातून आल्याचा गुण. जालकात मिसळलेली वीज कोणत्या केंद्रातील आहे, हे ओळखता येत नाही. म्हणून तिचा गुण विजेपासून वेगळा काढून कागदोपत्री नोंदविला व विकला जातो. ज्यांच्यावर आपल्या विजेचा ठराविक वाटा नवीकरणीय स्रोतांतून घेण्याचे बंधन असते (उदा., वितरण कंपन्या), ते प्रमाणपत्रे विकत घेऊन हे बंधन पुरे करू शकतात. अशा बंधनाची तरतूद २००३ च्या अधिनियमाच्या कलम ८६ मध्ये आहे.

केंद्रीय विद्युत् नियामक आयोगाने जानेवारी २०१० मध्ये या प्रमाणपत्रांविषयी विनियम केले. १ मेगावॉट तास (१,००० युनिट) विजेमागे एक प्रमाणपत्र मिळते. निर्मात्याला प्रथम राज्य अभिकरणाकडून अधिस्वीकृती घ्यावी लागते. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरणाकडे (महाऊर्जा) आहे. त्यानंतर राष्ट्रीय भार प्रेषण केंद्राकडे नोंदणी होऊन प्रमाणपत्रे दिली जातात व त्यांची खरेदी-विक्री वीज विनिमय केंद्रांत होते. डिसेंबर २०२२ पासून अंमलात आलेल्या नव्या विनियमांनी सौर व बिगर-सौर हा भेद काढून टाकला, किमतीवरील किमान व कमाल मर्यादा रद्द केल्या व प्रमाणपत्र विकले जाईपर्यंत वैध ठेवले. तंत्रानुसार गुणकही ठरविले गेले : सौर व जमिनीवरील पवनऊर्जेसाठी १, जलविद्युतेसाठी १·५, तर जैव वस्तुमानासाठी २·५.

गृहनिर्माण संस्थांच्या दृष्टीने येथे दोन गोष्टी ध्यानात घेणे अगत्याचे आहे. पहिली, २०१० च्या यंत्रणेच्या कार्यपद्धतीत संचाची क्षमता किमान २५० किवॉ. असावी, अशी अट होती. एवढ्या संचास सु. २,५०० चौ. मी. मोकळे छत लागते. मोठ्या शहरांतील विस्तीर्ण वसाहती सोडल्या, तर निवासी इमारतींना ते अशक्य होय. दुसरी व अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, निव्वळ मापनाखालील संस्थेची वीज महाराष्ट्राच्या विनियमांनुसार वितरण कंपनीच्या नवीकरणीय बंधनाच्या हिशेबात धरली जाते. म्हणजेच हरित गुण वितरण कंपनीकडे गेलेला असतो. तोच गुण संस्थेला पुन्हा विकता येत नाही. एकाच युनिटाचे श्रेय दोघांनी घेतल्यास कागदावरील प्रदूषणमुक्ती प्रत्यक्षाच्या दुप्पट दिसेल. असा दुहेरी हिशेब टाळणे हाच या सर्व नोंदणीमागील मुख्य हेतू आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने काढलेल्या अधिसूचनेत नवीकरणीय विजेचा वाटा २०२४-२५ मधील २९·९१ टक्क्यांवरून २०२९-३० पर्यंत ४३·३३ टक्क्यांवर नेण्याचे ठरविले. त्यात विकेंद्रित (१० मेगावॉटहून लहान) संचांसाठी स्वतंत्र हिस्सा राखला असून तो १·५ टक्क्यांपासून ४·५ टक्क्यांपर्यंत वाढत जातो. छतावरील संचांची वीज या हिश्शात मोडते. यामुळे लहान छतावरील विजेस वितरण कंपन्यांच्या लेखी, प्रमाणपत्र नसतानाही, महत्त्व प्राप्त झाले आहे.

इमारतीच्या कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र : यूरोपात ‘ऊर्जा प्रमाणपत्र’ याचा अर्थ मुख्यत: हा होतो. यूरोपीय संघाच्या २००२ च्या निदेशाने इमारत बांधताना, विकताना वा भाड्याने देताना तिच्या ऊर्जावापराचे प्रमाणपत्र असणे आवश्यक केले. ब्रिटनमध्ये त्याच्या अ ते ग अशा सात श्रेणी असतात. तेथे एप्रिल २०१० पासून सौर विजेस ठराविक दराने मोबदला देणारी योजना होती. एप्रिल २०१२ पासून इमारतीची श्रेणी किमान चौथी (ड) असेल, तरच नव्या संचास पूर्ण दर मिळेल, अशी अट घालण्यात आली. आधी घर उष्णतारोधक करावे व नंतर वीज निर्माण करावी, हा त्यामागील विचार होता. ही योजना मार्च २०१९ अखेर नव्या अर्जदारांसाठी बंद झाली. ब्रिटनमध्ये निवासी प्रमाणपत्र प्रत्येक स्वतंत्र सदनिकेचे असते. छत मात्र सर्वांचे असते. जर्मनीत याउलट प्रमाणपत्र संपूर्ण इमारतीचे असते. एकाच इमारतीतील सर्वांत वरच्या व मधल्या मजल्यांवरील सदनिकांची श्रेणी वेगळी येऊ शकते, ही गोष्ट लक्षात घेता सामायिक संचासाठी इमारतीचे प्रमाणपत्र अधिक सयुक्तिक वाटते. २०२४ च्या सुधारित यूरोपीय निदेशाने तर, शक्य असेल तेथे, २०२९ अखेरपासून नव्या निवासी इमारतींवर सौर संच बसविण्याची तरतूद करण्यास सदस्य राष्ट्रांना सांगितले आहे.

भारतात सौर संचासाठी इमारतीच्या कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्राची पूर्वअट नाही. ऊर्जा संधारण अधिनियम, २००१ खाली स्थापन झालेल्या ऊर्जा कार्यक्षमता विभागाने (ब्यूरोने) निवासी इमारतींसाठी २०१८ साली ‘इको-निवास संहिते’चा पहिला भाग प्रसिद्ध केला. भिंती, खिडक्या व छत यांतून घरात शिरणाऱ्या उष्णतेवर तीत मर्यादा घातलेली आहे. अधिनियमाच्या २०२२ च्या सुधारणेने १०० किवॉ. वा अधिक जोडभाराच्या निवासी इमारतीही संहितेच्या कक्षेत आणण्याची तरतूद केली. ही मर्यादा कमी करण्याची मुभा राज्यांना आहे. विदर्भातील हवामानात हा विषय केवळ कागदी नाही. छतावर उंचावर बसविलेल्या पट्ट्यांची सावली स्लॅबवर पडल्याने वरच्या मजल्याचा ताप कमी होतो आणि कूलर व पंखे यांवरील खर्चही काहीसा घटतो. वीजनिर्मिती व उष्णतारोध ही दोन्ही कार्ये येथे एकच छत करते.

सामायिक मालकीचा प्रश्न : स्वतंत्र घराच्या बाबतीत छताचा मालक, विजेचा ग्राहक व प्रमाणपत्राचा धारक एकच असतो. सामायिक इमारतीत हे तिघे भिन्न असू शकतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली गृहनिर्माण संस्था ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती असल्याने तिच्या नावे वीजजोडणी, करार व प्रमाणपत्र होऊ शकते. महाराष्ट्र सदनिका मालकी अधिनियम, १९७० खालील इमारतीत प्रत्येक सदनिकाधारकाचा सामायिक भागांत ठराविक प्रमाणात अविभाज्य हिस्सा असतो. कोणत्याही पद्धतीत गच्ची ही सामान्यत: सर्वांची असल्याने एकट्या रहिवाशास तिचा भाग परस्पर अडविता येत नाही, सर्वसाधारण सभेचा ठराव हा सर्व प्रमाणपत्रांच्या आधीचा दस्तऐवज ठरतो. ज्या इमारतींत विकासकाने जमीन व इमारत संस्थेच्या नावे हस्तांतरित केलेली नाही, तेथे छताच्या हक्काविषयी वाद उद्‌भवू शकतात.

आतापर्यंत संस्थांनी बसविलेले संच बहुधा सामायिक जोडणीस, म्हणजे उद्वाहक (लिफ्ट), पाण्याचा पंप व जिन्यातील दिवे यांच्या मीटरला, जोडलेले आढळतात. निवासी दर टप्प्याटप्प्याने वाढत जात असल्याने या मीटरचा बराचसा वापर वरच्या, महाग टप्प्यांत पडतो व तेथेच बचत सर्वाधिक होते. २०२४ साली सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत संस्थांच्या सामायिक सोयींसाठी दर किलोवॉटास १८,००० रु. अनुदान ठरविण्यात आले. दर घरामागे ३ किवॉ. या हिशेबाने व एकूण ५०० किवॉ. पर्यंत ते मिळण्याची तरतूद होती. त्यासाठी घट व पट्ट्या देशी बनावटीच्या असल्याचा दाखला लागतो. हे आणखी एक, पाचव्या प्रकारचे प्रमाणपत्र म्हणता येईल.

सदनिकांना वाटून घेता येईल अशी दुसरी पद्धत ‘आभासी निव्वळ मापन’ या नावाने ओळखली जाते. तीत छतावर एकच संच व एकच निर्मिती-मीटर असतो आणि निर्माण झालेली युनिटे आधी ठरलेल्या प्रमाणात प्रत्येक सदनिकेच्या देयकातून वजा केली जातात. दिल्लीच्या नियामक आयोगाने २०१९ साली याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. प्रत्येक राज्यात ही मुभा तेथील आयोगाच्या विनियमांवर अवलंबून असते.

आष्टीसारख्या गावातील इमारतीचा हिशेब : वरील भेदांचे व्यवहारातील महत्त्व एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. उद्वाहक नसलेली, तीन मजली व बारा सदनिकांची एक इमारत घेऊ. तिचा एक अश्वशक्तीचा (सु. ०·७५ किवॉ.) पंप दिवसाला दोन तास चालतो, म्हणजे १·५ युनिट वीज खातो. जिन्यातील व आवारातील दिव्यांसाठी आणखी १·५ युनिट धरल्यास सामायिक गरज दिवसाला ३ युनिट होते. ती १ किवॉ. च्या संचाने भागते. याउलट प्रत्येक सदनिकेचा मासिक वापर १०० युनिट धरल्यास बारा सदनिकांची वार्षिक गरज १४,४०० युनिट होते. ती भागविण्यास सु. १० किवॉ. चा संच व १०० चौ. मी. छत लागेल. महानगरातील उंच इमारतीत सामायिक वापर मोठा व छत लहान असते. लहान गावातील इमारतीत छत पुरेसे मोठे व सामायिक वापर नगण्य असतो. म्हणून सामायिक मीटरपुरत्या असलेल्या योजना महानगरांना अधिक सोयीच्या ठरतात व लहान गावातील बहुतांश छत वापराविना राहते.

आता प्रमाणपत्रांचा विचार करू. १० किवॉ. चा हा संच वर्षाला सु. १४,००० युनिट, म्हणजे १४ नवीकरणीय ऊर्जा प्रमाणपत्रांएवढी वीज निर्माण करील. २०२४ मध्ये विनिमय केंद्रांतील काही सत्रांत प्रमाणपत्राची किंमत पाचशे रुपयांहूनही कमी होती. इमारत या यंत्रणेस पात्र ठरली असती असे मानले, तरी वर्षाचे उत्पन्न सात हजार रुपयांच्या आतच राहिले असते व त्यातून नोंदणीचा खर्चही भागणे कठीण झाले असते. याउलट युनिटाचा दर ८ रु. धरल्यास विजेच्या देयकांतील बचत १,१२,००० रु. होते. कोळशाच्या विजेचे प्राबल्य असलेल्या भारतीय जालकात एका युनिटामागे सु. ०·७ किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड वातावरणात जातो. त्या मानाने वर्षाला सु. १० टन वायू टळतो. प्रमाणपत्र मिळो वा न मिळो, हा लाभ कायम राहतो. ही इमारत १०० किवॉ. च्या संहितेच्या मर्यादेखालीही येते. परिणामी मोठ्या इमारतींना लागू होणाऱ्या बहुतेक दाखल्यांतून ती सुटते. तिला खऱ्या अर्थाने लागू राहतात ते सुरक्षिततेचे, मीटरचे व अनुदान घेतल्यास देशी बनावटीचे दाखले.

येथेच खरी जोखीम आहे. संच लहान म्हणून निरीक्षकाची भेट टळते. स्वयंप्रमाणनावर समितीचा एखादा सदस्य न वाचता सही करतो. वीजरोधकासाठी (आकाशातील विजेपासून संरक्षण करणाऱ्या साधनासाठी), एकदिश बाजूसाठी व प्रत्यावर्ती बाजूसाठी स्वतंत्र भूयोजन असावयास हवे, ते एकाच खड्ड्यात उरकले जाते. विदर्भात गच्चीचा वापरही निराळा असतो. चैत्र-वैशाखात तेथे वाळवणे घातली जातात, उकाड्याच्या रात्री लोक झोपतात, मुले खेळतात. पट्ट्या पुरेशा उंचावर, तारा नळ्यांतून व जोडपेट्या कुलूपबंद नसतील, तर गच्ची धोक्याची होते. म्हणून ठरावातच संचाची जागा, पट्ट्यांची उंची, ये-जा करण्याची वाट, धुण्याची व्यवस्था, वार्षिक तपासणीचा खर्च व बचतीच्या वाटपाचे प्रमाण नमूद करणे इष्ट असते. सदनिका विकली गेल्यास तिचा हिस्सा नव्या धारकाकडे जाईल, हेही त्यात लिहून ठेवावे लागते. पट्ट्यांचे आयुष्य सु. २५ वर्षे असल्याने तेवढ्या काळात बरेच रहिवासी बदलणार, हे गृहीत धरणे भाग आहे.

मर्यादा : ऊर्जा प्रमाणपत्रांच्या व्यवस्थेवर दोन प्रमुख आक्षेप घेतले जातात. एक, प्रमाणपत्र विकत घेतल्याने घेणाऱ्याची प्रत्यक्ष प्रदूषणकारी वीज बदलत नाही. दोन, किमान क्षमतेच्या अटी व कार्यपद्धतीचा खर्च यांमुळे लहान उत्पादक यंत्रणेबाहेर राहतात, मात्र त्यांच्या विजेचे श्रेय मोठ्या संस्थांच्या हिशेबात जमा होते. दुसऱ्या आक्षेपास तथ्य आहे. तथापि निव्वळ मापनाची सवलत हा त्या श्रेयाचा अप्रत्यक्ष मोबदला समजता येतो. दिवसा दिलेल्या युनिटाच्या बदल्यात रात्री युनिट परत घेण्याची सोय जालक पुरविते, तिचे मोल लहान नाही. २०२२ च्या सुधारणेने कार्बन जमापत्रांच्या व्यापारास कायदेशीर आधार दिला. अनेक लहान छतांची वीज एकत्र मोजून त्यांचा गट या व्यापारात आणावयाचा झाल्यास, तो गुण आधीच वितरण कंपनीच्या खात्यात गेलेला नाही ना, हे प्रथम पाहावे लागेल. सामायिक इमारतीतील रहिवाशांनी कोणताही दाखला हाती आल्यावर तीन गोष्टी तपासाव्यात : तो कशाविषयी आहे, तो कोणाच्या नावे आहे व त्यातील श्रेय अन्य कोणाच्या हिशेबात आधीच जमा झाले आहे काय.